येताना पाय शेकून आणा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्या डॉक्टरांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर — तर गप्पच बसले असते, जशी गेली चार वर्षं बसले आहे.

मला लिहिण्याची सवय नाही. मी रिपोर्ट लिहिते. वेळ, ताप, नाडी, जखमेची लांबी-रुंदी, खाली सही. हेही तसंच होणार.

मी नर्स आहे. आता साताऱ्यात असते, तेव्हा सांगलीत होते, एका खाजगी इस्पितळात. ड्रेसिंगची खोली माझ्याकडे. महिनोन् महिने भरत नाहीत अशा जखमा तिथे यायच्या, बहुतेक साखरेच्या आजाराच्या. या आजारात पायाची जाणीव जाते. काटा रुततो, कळत नाही. चपलेत खडा राहतो, कळत नाही. आठ दिवसांनी वास सुटला की घरातलं कुणीतरी म्हणतं, कोपऱ्यात उंदीर मेलाय का बघा. मग पाय बघतात.

मी कामाला चांगली होते. हे बढाई म्हणून सांगत नाही, पुढे लागणार आहे म्हणून सांगते. माझ्या खोलीत पट्टी जमिनीवर पडलेली दिसायची नाही. रडारड मला खपायची नाही. पेशंट ‘आई गं’ म्हणायच्या आत जुनी पट्टी निघालेली असायची. आणि भिंतीवर माझ्या अक्षरातला फलक होता, तांबड्या शाईने लिहिलेला — पाय रोज धुवा. अनवाणी चालू नका. पाय कधीही शेकू नका, गरम पाण्यात घालू नका. तिसऱ्या ओळीखाली दोन रेघा. ज्या पायाला चटका कळत नाही तो पाय शेकायचा नसतो, हे मी दिवसातून वीस वेळा सांगत होते. झोपेतही सांगितलं असतं.

मग मशीन आलं.

आमचे डॉक्टर काही वर्षं परदेशात राहून आलेले. तिथून त्यांनी ते यंत्र खटपट करून आणवलं होतं. दिसायला साधं — उंच दांडीवर एक डबा, त्यातून लाल प्रकाशाचा बारीक ठिपका खाली पडतो. बैल तास धरून चालतो तसा तो ठिपका पावलावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, वळतो, पुन्हा येतो. डॉक्टरांनी मला समजावलं होतं ते असं : कातडीखाली रक्त फिरत असेल तर प्रकाश थोडा थरथरून परत येतो. जितकं रक्त जास्त, तितकी थरथर जास्त. ती थरथर मशीन मोजतं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर पावलाचं रंगीत चित्र उमटतं. रक्त नाही तिथे निळं. थोडं आहे तिथे हिरवं. मग पिवळं, आणि भरपूर आहे तिथे तांबडं. जखमेच्या कडेला पिवळं-तांबडं दिसलं तर ती भरणार. निळंच राहिलं तर नाही भरणार, कापावं लागणार. डोळ्यांना जे दीड महिन्यानं कळायचं ते आज कळणार.

चांगली वस्तू होती. आजही म्हणते, चांगली होती. मशीनला मी दोष देत नाही.

फक्त एक अट होती. पाय गार असला की कातडीतलं रक्त आत पळतं आणि चांगल्या पायाचंही चित्र निळं येतं. पाय तापवलेला असला की उलट, खोटंच तांबडं. म्हणून पेशंटला दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून, अंगावर ब्लँकेट घालून वीस मिनिटं नुसतं पडू द्यायचं. मग चित्र. त्याचा एक छापील कागद होता : खोलीचं तापमान, किती वेळ निजवलं, आधी शेक दिला होता का — हो की नाही. तो कागद मी भरायची.

मंगळवारी चित्रांचा दिवस. आठ-दहा पेशंट. प्रत्येकाची वीस मिनिटं धरली तर तीन-साडेतीन तास नुसते पडून राहण्यात जातात — आणि बाहेर ड्रेसिंगची रांग. ब्लँकेटं कपाटात होती. चांगली चार होती. पण त्यांना पू लागला की धोब्याकडे द्यायची, त्याची वेगळी वही, तो परत आणणार चार दिवसांनी. पहिले दोन महिने मी सगळं नीट केलं. मग वीसची पंधरा झाली, पंधराची दहा. मग पेशंट टेबलावर चढला की ठिपका सुरू. कागदावर मात्र ‘वीस मिनिटं’ लिहीत राहिले. हात लिहायचा, मी बघायचीसुद्धा नाही.

घाई होती म्हणावं, तर कसली घाई? घरी लहान मूल नव्हतं. गाडी चुकणार नव्हती. एक वाजता खोली रिकामी करून मला डबा खायचा असायचा, गरम असताना. आणि डॉक्टर म्हणायचे, “सिस्टर, तुमच्यामुळे हे मशीन वेळेवर चालतं.” ते ऐकायला बरं वाटायचं. एवढंच. आणखी काही शोधून सापडलं असतं तर लिहिलं असतं.

बिरूतात्या आणि केराबाई त्या हिवाळ्यात आले. आटपाडीच्या पलीकडच्या एका वस्तीवरचे, मेंढरं राखणारे. तात्या साठीचा, काटक, तांबडं मुंडासं, अंगावर काळं घोंगडं, कपाळाला भंडारा. उजव्या अंगठ्याखाली बाभळीचा काटा मोडलेला, आठ महिने जखम भरत नव्हती. केराबाई त्याच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. हातात पितळी डबा, तोंड सारखं चालू.

टेबलावर चढताना तात्या म्हणाला, “बघ गं, लगीन झाल्यापास्नं माझा एक फोटू न्हाई काढला कुणी, आन आता पायाचा काढत्यात.”

केराबाई म्हणाली, “त्वांड काढण्यासारखं आसतं तर काढला आसता की.”

रांगेतले सगळे हसले. मीही हसले असेन. नवरा-बायको चाळीस वर्षं एकमेकांबरोबर माळावर राहिले की अशी बोलतात, हे मला आवडलं होतं.

हवा त्या दिवशी कडक गार होती. पहाटेच्या एसटीनं आलेले, पाय दगडासारखा. केराबाईनं आपण होऊन त्याच्या पायांवर घोंगडं टाकलं. तिला कुणी शिकवलं नव्हतं, गार पडलेल्या कोकराला झाकावं तसं झाकलं. आणि मी ते काढून खाली ठेवलं. म्हटलं, “काढा हे, लोकरीचे केस पडतात मशीनवर.”

पाच मिनिटांत चित्र. निळं. अंगठ्यापासून टाचेपर्यंत निळं, कडेला हिरव्याची एक सुतळी.

डॉक्टरांनी दोघांना पडदा दाखवून सांगितलं. तीन आठवडे औषध, ड्रेसिंग, मग पुन्हा चित्र. पुन्हा निळंच आलं तर अर्धं पाऊल काढावं लागेल. पिवळं-तांबडं व्हायला लागलं तर थांबू, मग जखम भरेल. डॉक्टर बरोबरच बोलत होते — त्यांच्या हातात जो कागद होता त्याप्रमाणे.

तात्यानं खाली बघून मुंडासं सोडलं, पुन्हा बांधलं. मग म्हणाला, “अर्ध्या पावलावर मेंढरामागं चालतंय का कुणी?” मेंढरांमागे रोज सात-आठ कोस चालणारा माणूस. पाऊल गेलं की कळप विकायचा, आणि मग काय करायचं, हे त्याला माहीत होतं आणि तिलाही.

आता ते येतं. इथपर्यंत यायला मी किती वळसे घेतले, बघितलंत.

निघताना केराबाई माझ्या टेबलाशी आली. मी रजिस्टरमध्ये रेघा मारत होते. तिनं विचारलं, “बाई, चित्तर तांबडं यायला काय करावं?”

मी वर पाहिलं नाही. म्हणाले, “गार पाय घेऊन येत जाऊ नका. येताना पाय शेकून आणा.”

ती थांबली. भिंतीवरचा फलक तिला वाचता येत नव्हता, पण मी तासाभरापूर्वीच तो तिला तोंडी सांगितला होता. म्हणून तिनं पुन्हा विचारलं, “शेकला तर चालंल?”

“चालेल.”

बस. एवढंच बोलले. वाईट हेतूनं नाही — पण चांगल्या हेतूनंही नाही. मला तिच्या नवऱ्याचं पाऊल वाचवायचं होतं म्हणून बोलले असते तर निदान काहीतरी असतं. मला पुढच्या मंगळवारी टेबलावर गार पाय नको होते. तिला काय ऐकू गेलं असेल? आत डॉक्टर सांगतात, तांबडं आलं तर पाऊल राहील. बाहेर बाई सांगते, शेकलं की तांबडं येतं. दोन्ही एकाच इस्पितळातली माणसं. तिनं काय समजायचं?

तीन आठवड्यांनी केराबाई तात्याला घेऊन आली ती आदल्या संध्याकाळीच. इस्पितळामागच्या शेडमध्ये नातेवाईक तीन दगड मांडून स्वयंपाक करायचे, तिथे राहिली. सकाळी भाकरी झाल्यावर तिनं त्याच चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि तात्याच्या पावलावर बांधली. तासभर. हे मला नंतर कळलं. त्यानं म्हणे तिला सांगितलं होतं, “कायबी लागंना गं, आनकी गरम कर.” तिनं आणखी गरम केली.

साडेनऊला टेबलावर आला. खुशीत होता. मला म्हणाला, “आज पास करा बाई.”

मी पट्टी सोडली आणि पावलाला हात लावला. पाय गरम होता. नुसता गरम नाही — कढत. वरची कातडी ताणलेली, चकचकीत, काळ्या रंगावर तांब्याची झाक. सतरा वर्षं जखमा बघितल्या होत्या मी. भाजलेली कातडी फोड यायच्या आधी कशी दिसते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी ओळखलं. हे स्पष्ट लिहिते, कारण पुढे मला स्वतःलाच ते धूसर करायची सवय लागली. त्या क्षणी मी ओळखलं की हा पाय भाजला आहे, आणि कुणाच्या सांगण्यावरून भाजला आहे. तेव्हाच पाय गार पाण्यात धरला असता, त्याला भरती करून घेतलं असतं, डॉक्टरांना हाक मारली असती — डॉक्टर पंधरा पावलांवर होते. वॉर्डात खाट रिकामी होती. सकाळच्या राउंडला मीच मोजली होती.

मी ठिपका सुरू केला.

चित्र आलं. तसं चित्र त्या मशीननं आधी दिलं नव्हतं. सगळं पाऊल तांबडं. भाजलेल्या कातडीकडे रक्त धावतं, मशीनला रक्त दिसतं, कशासाठी धावलं ते नाही दिसत. डॉक्टरांनी शिकाऊ मुलांना बोलावून दाखवलं, “बघा, तीन आठवड्यांत काय फरक आहे.” पाय त्यांनी बघितला, पण लांबून, पडद्यावरून मान वळवून. मी तोवर जखमेवर पट्टी घातली होती. पावलाच्या वरच्या भागावरही घातली होती, जिथे पट्टीची काही गरज नव्हती. का घातली? तुम्ही समजलात. मीही समजत होते.

कागदावर लिहिलं : वीस मिनिटं. शेक — नाही. सही.

डॉक्टर तात्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, “तात्या, पाय वाचला तुमचा.” तात्यानं त्यांचे पाय धरले. केराबाई दाराशी आली आणि मला हळूच म्हणाली, “तुमच्यामुळं झालं बाई, न्हाईतर कोण सांगतंय?” मी म्हणाले, “जा आता, गाडी चुकेल.”

त्या दिवशी मी डबा गरम खाल्ला. मेथीची भाजी होती.

तुम्ही विचाराल, वाटलं काय? वाटलं, एवढं काही होणार नाही. फोड येईल, फुटेल, पुढच्या वेळी बघू. आणि दुसरं वाटलं — फलक माझ्या अक्षरातला आहे. शिकाऊ मुलं हसतील. नोकरी जाण्याची भीती नव्हती, डॉक्टर तसे नव्हते. फार तर दोन शब्द बोलले असते, चारचौघांत. माणसाचा पाय एका बाजूला आणि हे दोन शब्द दुसऱ्या बाजूला. मी कोणती बाजू घेतली ते लिहिलंच आहे.

नवव्या दिवशी आणला, जीपमध्ये आडवा घालून. ताप. पट्टी काढली तर पाऊल वरून काळं, घोट्याच्या वर सूज चढलेली, वास. त्याच रात्री गुडघ्याच्या वरून पाय काढला. ज्याचं अर्धं पाऊल जाणार होतं त्याचा पाय गेला.

आणि तरी मी जे सांगायला बसले आहे ते हे नाही. हे निष्काळजीपण झालं, भित्रेपणा झाला. पुढचं वेगळं आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर राउंडला आले. तात्या शुद्धीवर होता. केराबाई खाटेच्या पायथ्याशी उभी. डॉक्टरांनी विचारलं, “आजी, खरं सांगा, काय केलंत?”

ती म्हणाली, “शेकला.”

“कुणी सांगितलं शेकायला?”

मी तिच्यापासून चार हातांवर ट्रे घेऊन उभी होते. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फरशीकडे बघत राहिली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मला वाटलं आता बोलेल. ती बोलायच्या आत मी बोलले.

“किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला, पाय शेकायचा नाही म्हणून? भिंतीवर लिहून ठेवलंय. तुम्हा लोकांना सांगून उपयोगच नाही. स्वतःच्या हातानं घालवलात नवऱ्याचा पाय.”

स्वच्छ, मोठ्या आवाजात. मी पेशंटांना नेहमी बोलायची तसंच. डॉक्टर म्हणाले, “जाऊ द्या सिस्टर.” त्यांना वाटलं मी पोटतिडकीनं बोलते आहे.

तात्यानं बायकोकडे बघितलं. एवढा वेळ त्याला नीट कळलंच नव्हतं, पाय कशानं गेला ते. त्याची समजूत — देवाचं काही चुकलं, काट्याचं विष चढलं. आता इस्पितळातल्या बाईनं सगळ्या वॉर्डासमोर सांगितलं. ‘आनकी गरम कर’ हे तो स्वतःच म्हणाला होता. पण एवढं दुःख झालेला माणूस ते कशाला आठवेल?

दुपारी केराबाईनं चहा आणला. त्यानं कप घेतला नाही. भिंतीकडे तोंड केलं. ती कप धरून उभी राहिली, गार होईपर्यंत. संध्याकाळी सोबत आलेल्या पुतण्यानं चहा दिला तेव्हा घेतला. त्यानंतर सव्वा महिना तो वॉर्डात होता, आणि मी रोज जात होते. तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. काही हवं असलं तर पुतण्याला सांगायचा, “तिला म्हणावं लोटा ठेव.” ती तीन पावलांवर असायची.

शिवी दिली असती तरी बरं झालं असतं. मारलं असतं तरी.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी. सव्वा महिना होता. एका वाक्याचं काम होतं — तात्या, मी सांगितलं होतं तिला. मी रोज सकाळी त्याच्या थोटकाची पट्टी बदलायची. तो आणि मी, मधे पडदा. तो विचारायचा, “भरतंय का बाई?” मी म्हणायची, “भरतंय.” पट्टी संपायची. मी ट्रे उचलून पुढच्या खाटेवर जायची.

आणि डॉक्टर. डॉक्टर मनानं भले होते, म्हणून त्यांना सुचलं. तात्याला घरी सोडल्यावर दर पंधरा दिवसांनी तपासायला आणायचे, तेव्हा डॉक्टर केराबाईला म्हणाले, “आजी, बाहेर बाकावर जी माणसं बसतात त्यांना तुमच्या तोंडानं सांगा. आमचं नाही ऐकत, तुमचं ऐकतील.” मला म्हणाले, “सिस्टर, घेऊन जा त्यांना.” मी तिला दंडाला धरून बाकाकडे नेलं.

ती उभी राहिली आणि म्हणाली, “पाय शेकू नगा बाबांनू. मी माज्या हातानं मालकाचा पाय भाजला. ह्या बाई लय येळा सांगत हुत्या, शेकू नगा, शेकू नगा. माजंच डोकं फिरलं.”

‘ह्या बाई’ म्हणताना तिनं माझ्याकडे बोट केलं. लोकांनी माझ्याकडे आदरानं बघितलं.

मला आजही कळलेलं नाही. ती मला झाकत होती का? की मी वॉर्डात जे बोलले ते मनात इतक्यांदा घोळवून तिला खरंच तसं वाटायला लागलं होतं — की बाई असं कसं सांगतील, माझ्याच ऐकण्यात काही चुकलं असेल? झाकत असेल तर ती कशी बाई आहे आणि मी कशी, हे उघडच आहे. पण दुसरं खरं असेल तर? मग मी तिच्याकडून तिची आठवणसुद्धा काढून घेतली.

चार वेळा तिनं तसं सांगितलं. चारही वेळा मीच नेलं बाकापर्यंत. आणि सांगायला हवं : तिचं ऐकून लोक खरंच शेकायचे बंद झाले. डॉक्टर खूश होते.

त्यानंतर चित्रं मी नीट काढली. वीस म्हणजे वीस मिनिटं. चारही ब्लँकेटं वापरात आली, धोब्याची वही लिहिली. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी आधीच यायला हवी होती. तसल्याच जखमांचे, तसलेच थंडीतून आलेले पाय, ब्लँकेटखाली वीस मिनिटं राहिले की त्यांतले काही निळ्याचे हिरवे होत, काही पिवळे. मग तात्याचं पहिलं चित्र? ज्या चित्रावरून पाऊल कापायची गोष्ट निघाली, ज्याच्या भीतीनं तिनं मला विचारलं, तांबडं यायला काय करावं — त्यातला निळा किती त्याच्या आजाराचा होता आणि किती माझा? मी घोंगडं काढून ठेवलं नसतं तर? ती जखम भरणारी होती का? हे आता कुठलंही मशीन सांगणार नाही. तो पाय नाही आणि तात्याही नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी गेला. पुतण्या मृत्यूच्या दाखल्यासाठी काही कागद लागले म्हणून आला होता. मी विचारलं, “तात्या शेवटी बोलले का काकींशी?” पुतण्या म्हणाला, “न्हाई बाई. पानी बी माज्याच हातनं घेतलं.” मी कागद शोधून दिले. त्यावर शिक्का राहिला होता, तो मारून दिला.

तात्याचं ते दुसरं, तांबडं चित्र डॉक्टरांनी मोठं छापून खोलीत लावलं होतं — उत्तम रक्तपुरवठा कसा दिसतो, याचा नमुना म्हणून. पाय गेल्यावरही ते काढलं नाही. त्यांच्या मते चित्र खरंच होतं, पाय नंतर घरी भाजला होता. मी अडीच वर्षं त्याच्याखाली ड्रेसिंग केली. मग नवऱ्याची बदली साताऱ्याला झाली आणि मी नोकरी सोडली. इथल्या इस्पितळात मशीन नाही. जखमा आहेत. भिंतीवर फलक आहे, माझ्याच अक्षरात, तिसऱ्या ओळीखाली दोन रेघा.

गेल्या महिन्यात आटपाडीकडचा एक पेशंट आला. त्याच वस्तीजवळचा निघाला. म्हणाला, केराबाई आहे. कळप मोडला, ती पुतण्याच्या खोपटात राहते. वस्तीवर कुणाला साखर निघाली की ती आपण होऊन जाते आणि सांगते, पाय शेकू नका, मी नवऱ्याचा भाजला. पोरं तिला चिडवतात त्यावरून.

मी त्याची पट्टी बांधून दिली.

तिची वस्ती मला माहीत आहे. साताऱ्याहून आटपाडीला एसटी आहे, सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं. पुढे दोन कोस चालावं लागतं. मी गेलेले नाही. जाणारही नाही.